आईसाठी व्हिडिओ गेम

"मुलगा केवढा आहे, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"मुलासाठी नाही. आईसाठी पाहिजे."

त्यानं आधी माझं बोट धरून उभ्या असलेल्या रेणुकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हणजे तुमच्याचसाठी की."

"नाही हो. माझ्या आईसाठी. अठ्ठावन्न वर्षांची आहे."

त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतलं ते दुकान. दुकानदाराचं नाव बजरंग, हे नंतर कळलं. त्या घडीला त्याच्या चेहऱ्यावर एवढंच होतं, की ही बाई चुकून इथं शिरलीय.

मग मी त्याला सगळं सांगितलं. आषाढात आईला लकव्याचा झटका आला. अर्धापूरहून नांदेडला नेलं. जीव वाचला, बोलणं आलं, पाय आला. उजवा हात तेवढा मागं राहिला. आण्णांना, माझ्या वडिलांना, केळीची कापणी सोडून तिच्यापाशी बसता येत नाही, म्हणून मी तिला लातूरला माझ्याकडं आणलं. इथं व्यायाम घेणाऱ्या ताई घराजवळच आहेत. त्यांनीच सांगितलं होतं, की अंगठा आणि बोटं रोज हलली पाहिजेत, हे पहिले काही महिने वाया घालवू नका. टीव्हीवर बटणं दाबून खेळायचं काही घरात असलं तर तेही चालेल.

त्यांनी आधी दाबायला रबरी चेंडू दिला होता. आईनं तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी रेणुकाला देऊन टाकला. "मी काय लेकरू हाय का चेंडू खेळायला?"

चेंडूचं काही नाही. मला भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. झटका आल्यापासून आईनं देवाला हात लावला नव्हता. उजवा उचलवत नाही, आणि डाव्या हातानं कुंकू लावायचं नसतं. माझ्या घरच्या पहिल्या सकाळी ती देवघरापर्यंत आली, डावा हात पुढं केला, तसाच मागं घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. तेव्हापासून पूजा माझा नवरा सोमेश ड्युटीवर जायच्या आधी उरकतो. आई तेवढा वेळ पाठ करून एका हातानं मेथी निवडत राहते. "गेला हात तर गेला," म्हणते. भाजी संपली तर संपली, असं म्हणावं तसं. त्या आवाजाचंच मला भ्या वाटायचं.

बजरंगनं सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरवर तीन डबे मांडले. तेवढ्यात हैदराबादहून अंगददादाचा व्हिडिओ कॉल आला. हा माझा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.

"ज्ञानू, तो उभा पांढरा घे. सगळ्यात भारी. चित्र बघ कसलं येतंय त्याच्यात! पैशाचं मी बघतो."

"चित्राला काय करायचंय, दादा? आईचा अंगठा हलायचाय."

"अन् मी दिवाळीला आल्यावर?"

"तू चेंडू दाब."

बजरंग खाली मान घालून हसला.

मी कन्सोलकडं पाहतच नव्हते, रिमोट बघत होते. आता त्याला कंट्रोलर म्हणतात, पण आमच्या घरी तो रिमोटच. एकेक उचलून मी शेवटची दोन बोटं तळहातात मिटून धरायचे, आईची असतात तशी, आणि उरलेल्या बोटांत तो राहतो का बघायचे. भारीतल्या कन्सोलचा रिमोट भरीव, मनगट ओढणारा. दुसऱ्याचे दोन तुकडे व्हायचे, एकेका हातात एकेक, पण ते साबणाच्या चिपेएवढे बारीक. सटकले असते. तिसरा हलका होता, वायर नसलेला, अंगठ्याखाली एक गोल दांडी, ढकलली की लगेच हलणारी. बजरंगनं त्याच्यावर जाड सिलिकॉनचं कव्हर चढवून दिलं, म्हणजे घामानं निसटणार नाही. मनगटात अडकवायची दोरी लावली. दांडीवर खडबडीत टोपी बसवली.

"रिमोटची थरथर बंद करून देऊ का? काही म्हाताऱ्या माणसांना दचकायला होतं."

"राहू द्या," मी म्हणाले. का, ते मलाही माहीत नव्हतं.

"दुसरा रिमोट घ्यावा लागंल, ताई. एकटीनं कोण खेळतंय?"

दुसऱ्या रिमोटचं नाव निघालं आणि मी थेट अर्धापूरच्या आमच्या पुढच्या खोलीत जाऊन बसले.

मी नऊ वर्षांची होते. आण्णा केळीचा ट्रक भरून नांदेडला गेले होते. परत येताना तिथल्या वजिराबादच्या बाजारातून काळा व्हिडिओ गेम घेऊन आले. वर पिवळी कॅसेट, दोन बाजूंना दोन वायरी, दोन रिमोट. एक नंबरचा दादाचा, दोन नंबरचा माझा. माझ्या रिमोटचं उडीचं बटण अख्खा अंगठा रेटल्याशिवाय चालायचं नाही. चित्र हललं की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. लोडशेडिंगचं टाईमटेबल आम्हाला शाळेच्या टाईमटेबलपेक्षा पाठ होतं.

खिडकीपाशी आई ब्लाउज शिवत असायची. तिच्या पायाखाली मशीनचा आवाज आणि आमच्या टीव्हीचा आवाज, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. एकदा दोरा ओवता ओवता म्हणाली, "एक डाव मला द्या की रे." आम्ही तिला दोन नंबरचा रिमोट दिला. पडद्यावरच्या गड्याला खड्डा ओलांडायचा होता. आईनं बटण दाबायच्या ऐवजी रिमोटच उचलला, खांदे उचलले, जागची अर्धी उठली. गडी पडला खड्ड्यात. आई इतकी हसली, की पदरानं डोळे पुसले. "माझी उडी झाली, त्याचीच राहिली!"

पुढं खंडेनवमी आली. घरातली सगळी हत्यारं, अवजारं धुऊन पुसून पाटावर आली. विळा, खुरपी, केळी कापायचा कोयता, कात्री. शिलाई मशीनला हार. आमची दप्तरं. आणि सगळ्यांच्या शेवटी आईनं व्हिडिओ गेमही मांडला. लेकरांचं हत्यार ते. आम्ही उठायच्या आत तिनं पूजा केली. प्रत्येक वस्तूच्या तोंडाला कुंकू लावायचं, हा तिचा नेम. विळ्याचं तोंड धारेला, मशीनचं तोंड सुईपाशी. गेमचं तोंड कुठं, तर जिथं कॅसेट बसते तिथं. तिनं कुंकू पाण्यात कालवलं आणि बोटानं थेट त्या फटीत, आतल्या पितळी दातांवर लावलं. अक्षताही टाकल्या चार.

गेम परत कधी लागला नाही. आम्ही फुंकर मारमारून तोंडं लाल करून घेतली. दादा आईवर ओरडला, की तुझ्या हातानं वाटोळं झालं. ती गोष्ट आम्ही पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगून हसवायचो.

"देऊ ना दुसरा?" बजरंग विचारत होता.

"द्या," मी म्हणाले.

दुपारी सोमेशची सुट्टी होती, त्यानं गेम जोडून दिला. आमच्या टीव्हीला त्या वायरीची खाच एकच, तिथं सेटटॉप बॉक्स. मग बजरंगनं दिलेली दोघांना वाटून देणारी डबी मध्ये लावली. सगळं चालू करून तो दळण आणायला गेला. मी व्यायामाच्या ताईंशी बोलून साधासा खेळ निवडला होता. खाली एक टोपली, वरून फळं पडतात, अंगठ्यानं टोपली इकडंतिकडं सरकवून झेलायची. रेणुकानं चार डाव खेळून दाखवले. आई पलंगावरून बघत होती. बघता बघता जरा पुढं सरकली.

"हे केळ असतंय का असलं? एका फणीला तीनच?"

"आजी, तुझा नंबर."

"मला नको, बाय. माझा हात लागला की बिघडतंय."

मी हसले. "आई, काय गं! दादा तेव्हा बारा वर्षांचं पोरगं होतं. ओरडला असेल. वीस वर्षं झाली त्याला."

आई पडद्याकडंच बघत होती. "अंगद न्हाई. तू म्हणली व्हतीस."

"मी?"

"अंगद नुसता रडत व्हता. तू म्हणली, तुझ्या हातानं वाटोळं झालं, परत आमच्या कशाला हात लावू नको. हिरवा परकर व्हता तुझ्या अंगात. मीच शिवल्याला."

रागानं नाही म्हणाली. परकराचा रंग सांगावा, तितक्या साध्या आवाजात. मी पटकन म्हणणार होते, की नाही, दादाच. पण तो परकर मला आठवला. त्याच्या नाडीला लावलेली लाल लोकर आठवली. आणि मग माझाच आवाज आठवला, नऊ वर्षांचा, चिरका.

मी स्वयंपाकघरात गेले. नळ उगीच सोडला, बंद केला. देवघरातून कुंकवाचा करंडा घेतला आणि येऊन तिच्यापुढच्या टीपॉयवर ठेवला. शेजारी रिमोट.

"ह्याची पूजा राहिलीय, आई."

"सोमेशराव करतील की."

"तो दळणाला गेलाय."

"मग तू कर."

"घरात मोठी तू हाईस. मी कशी करू?"

आईनं करंड्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं. तो मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "आन् काय झालं तर? एवढं महागाचं."

"झालं तर होऊ दे वाटोळं. पण हात तुझाच लागला पाहिजे."

रेणुका टीपॉयजवळ सरकली.

आईनं डाव्या हातानं उजव्याचं कोपर धरलं आणि तो टीपॉयवर आणून ठेवला. सवयीनं मी विचारलं, "पाण्याची वाटी आणू?"

"नको. कोरडंच लावू. ओल्यानं बिघडतंय ते."

म्हणजे वीस वर्षं तिला ठाऊक होतं.

बोट करंड्यात गेलं, पण वाकेना. बाहेर आलं तेव्हा टोकाला काहीच नव्हतं. दुसऱ्यांदा करंडाच कलंडला, टीपॉयवर लाल ढीग झाला. मी हात पुढं केला तर आईनं डाव्या हातानं माझं मनगट ढकललं. "सर बाजूला." कपाळावर घाम आला होता तिच्या. तिसऱ्यांदा तिनं सांडलेल्या ढिगातच बोट टेकवलं आणि ओढत, घासत रिमोटपर्यंत आणलं. टिकली उमटली नाही. एक वाकडी लाल रेघ उमटली, गोल दांडीच्या कडेनं खाली गेलेली.

हात मागं घ्यायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून तो तिथंच राहिला. अंगठा दांडीवर.

"आजी, हलव ना," रेणुका कुजबुजली.

टोपली बोटभर सरकली. केळं बाजूनं पडलं, दुसरं पडलं, आंबा पडला. प्रत्येक वेळी रिमोट आईच्या तळव्याखाली घूं करून थरथरायचा. ती दचकली नाही. मान तिरपी करून ऐकल्यासारखं करत राहिली.

"घुमतंय की गं हे. मशीनवानी."

"कुठल्या मशीनवानी, आजी?"

"आमच्या. ब्लाउजच्या." तिनं खांदा उचलला, अर्धी उठली, टोपली तशीच राहिली आणि सफरचंद जमिनीवर फुटलं. मी तोंडावर हात धरला, पण आईच आधी हसली. पदर तोंडापर्यंत न्यायला तिनं उजवा हात उचलायला बघितला, तो आला नाही, मग डाव्यानं पुसलं.

त्या दुपारी तिनं एकच केळं झेललं. तेही टोपली आधीच तिथं होती म्हणून.

ह्याला आता तीन आठवडे झाले. रोज दुपारी आजी आणि नात बसतात. कुंकवाची रेघ मी पुसलेली नाही. थोडं कुंकू दांडीच्या बुडाशी उतरलंय आणि ती उजवीकडं जाताना जरा अडते. "जोर लावावा लागतोय, बरंच हाय," आई म्हणते. तो एक नंबरचा रिमोट, आजीचा, असं रेणुकानं ठरवून टाकलंय. दुसरा तिचा. मला कुणी विचारत नाही. दादाला मी फोनवर हिरव्या परकराचं सांगितलं. तो म्हणाला, "मला तर वाटायचं मीच म्हणलो होतो."

देवघरापुढं आई अजून जात नाही. सकाळी मेथी घेऊन बसते. पण आता पाठ करून बसत नाही. काल सोमेश पूजा आटोपून निघत होता, तर तिनं त्याला थांबवलं.

"सोमेशराव, तो करंडा जरा खालच्या फळीवर ठेवत जा. माझा हात सध्या तिथवरच येतोय."