चष्म्याच्या डबीतला इंजेक्टर

मित्रांनो, मी एक जुना इंजेक्टर आहे. दचकू नका. दवाखान्यातल्या सुईशी माझं काही नातं नाही आणि मी आजवर कुणालाही टोचलेलो नाही. मी गाडीच्या इंजिनात बसणारा, मोठ्या माणसाच्या बोटाएवढा एक साधा नोकर. सध्या माझा मुक्काम चष्म्याच्या एका डबीत आहे. आत निळी मखमल आहे. इतकं मऊ अंथरूण मला जन्मात मिळालं नव्हतं, आणि इतका बेकारही मी जन्मात कधी नव्हतो.

माझं काम सांगतो. इंजिनाच्या तोंडात पेट्रोल नुसतं ओतलं तर ते त्याला पचत नाही. त्याला पेट्रोलचं धुकं लागतं. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. त्यात वीज आली की आतली सुई वर उचलली जाते आणि माझ्या टोकातून बारीक फवारा उडतो. वीज गेली की सुई खाली, फवारा बंद. झालं! सांगायला एवढंच. पण हे डोळ्याचं पातं लवायच्या आत करायचं, आणि गाडी थांबेपर्यंत करतच राहायचं. मधे खोकायचंसुद्धा नाही.

आम्ही चौघं भाऊ. कारखान्यात पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी शंभरएक इंजेक्टरांचे फवारे मोजून पाहिले आणि ज्यांचा थेंबाथेंबाला मेळ बसला अशा आम्हा चौघांना एका पेटीत घातलं. मी चौथा. इंजिनावर आम्ही एकाच नळीला ओळीने लटकलो होतो. एकमेकांचं तोंड कधी दिसायचं नाही, पण टिकटिक ऐकू यायची. पहिला, मग तिसरा, मग मी, मग दुसरा, असा आमचा क्रम होता. शेजारच्याची टिक संपली की आपली पाळी कधी येणार ते कळायचं. चौघं दिसायला सारखे, कामाला सारखे आणि पेट्रोलही सारखंच मिळायचं. त्यामुळे भांडायला विषयच नव्हता. घराघरात ही सोय असती तर किती बरं झालं असतं!

गाडी लाल, दोन दारांची आणि इतकी बुटकी, की आत बसायला माणसाला घडी घालावी लागे. पहिला मालक तरुण होता. तो आम्हाला डोंगरातल्या रस्त्यांवर न्यायचा. चढणीवर तो पाय दाबायचा आणि आम्ही चौघं नुसते बरसायचो. वर पोहोचल्यावर तो गाडीच्या नाकावर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास!" ती थाप चौघांत वाटून घेतली तरी पुरायची. पुढे त्याला मुलं झाली, मुलांना मागे सीट हवी झाली आणि आमची गाडी विकली गेली.

दुसरा मालक चष्मेवाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि जगातली प्रत्येक वस्तू डबीत ठेवण्यासाठीच बनलेली आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. टीव्हीच्या रिमोटला त्याने पिशवी शिवून घेतली होती. पिशवीला डाग पडू नयेत म्हणून तीही तो कपाटात ठेवी. त्यामुळे टीव्ही लावायचा तर आधी कपाटाची किल्ली शोधावी लागे.

अशा माणसाच्या हाती लाल गाडी आली. त्याने तिला आधी खोळ घातली, मग खोळीवर चादर घातली आणि गॅरेजचं शटर ओढलं.

पण दुष्ट नव्हता हो तो. दर रविवारी यायचा, चादर काढायचा, खोळ काढायचा, गाडी चालू करायचा, तिची घुरघुर कान देऊन ऐकायचा आणि जरा वेळाने बंद करायचा. "बघ, कशी ठणठणीत ठेवलीय!" असं बायकोला सांगायचा.

मित्रांनो, इथेच त्याची चूक झाली, आणि ती प्रेमाने झाली म्हणून कुणी सांगायलाही आलं नाही. गाडी नीट तापायच्या आत बंद केली की अर्धवट जळलेल्या पेट्रोलची काजळी मागे उरते. टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की शिळं होतं, चिकट होतं. ते माझ्या टोकाशी साचत गेलं. आधी फवारा वाकडा झाला, मग बारीक झाला, मग नुसते थेंब. शेजारून तिसऱ्याची टिकटिक यायची तीही घसा बसल्यासारखी. रविवारी जरा वेळ बोलायचं आणि आठवडाभर अंधारात गप्प बसायचं. पुढे पुढे रविवारीही काय बोलावं ते सुचेनासं झालं.

चष्मेवाल्याची बायको कधीकधी शेजारच्या सीटवर येऊन बसायची. तिची थोरली बहीण डोंगरापलीकडे राहत होती. या गाडीतून तुला तिच्याकडे नेईन, असं त्याने गाडी घेतली त्या दिवशी कबूल केलं होतं.

"अहो, या गाडीतून मी किती वर्षं समोरची भिंत बघतेय," ती एका रविवारी म्हणाली. "आता तिचे पोपडेसुद्धा पाठ झालेत."

"पुढच्या रविवारी नक्की."

"ताई फोनवर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, तुझा नवरा आणि त्याची गाडी, दोघंही जागच्या जागीच गरम होतात."

चष्मेवाला समोरची काच पुसू लागला. पण बायकोचा आवाज हसताना जरा कापला होता. ताईचे गुडघे गेले होते, ती आता कुठे येऊ शकत नव्हती. "तू ये गं एकदा," एवढंच ती प्रत्येक फोनवर म्हणायची.

"बसने जाते मी," बायको म्हणाली. "आणि ही गाडी भंगारात देऊन टाका. शोभेला भिंत आहेच."

हे मात्र त्याला लागलं. त्याने खरंच शटर पूर्ण वर केलं, गिअर टाकला आणि गाडी बाहेर काढली. फाटकाबाहेर छोटासा चढ होता. तिथे त्याने पाय दाबला. आम्हा चौघांना वीज आली, सुया उचलल्या गेल्या आणि आमच्या तोंडातून कशीबशी लाळ गळाली. गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती भर रस्त्यात बंद पडली. मागून हॉर्न वाजू लागले. आमच्या उभ्या आयुष्यात एवढी शरम आम्हाला कधी वाटली नव्हती.

गाडी दोरीने ओढत एका शेडमध्ये नेली. ही शेड दोन साडवांची. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि शेड सासऱ्याची. एकाला लोक नवेराव म्हणत, कारण काहीही बिघडलं की तो म्हणे, "नवं टाका." दुसरा घासूराव. त्याच्या मते जगात न धुता फेकलेल्या वस्तू फार आहेत. दोघांचं एकमेकांशी पटत नसे. म्हणून सासरेबुवांनी शेडच्या मधोमध पिवळी रेघ मारून दिली होती. रेघेच्या बरोबर वर एकच पंखा होता आणि तो कुणालाच वारा देत नसे.

आम्हा चौघांना काढून एका ताटलीत ठेवलं. किती वर्षांनी भावांची तोंडं दिसली! पण ओळखू येईनात, इतके काळे पडले होते. मीही तसाच दिसत असणार.

"हे संपले," नवेराव म्हणाला. "चारही नवे टाका. या जातीचे आता मिळत नाहीत, पण दुसऱ्या जातीचे याच जागी बसतात."

"अहो साडूभाऊ, माणूस मळला म्हणून त्याला फेकतात का? आंघोळ घालतात."

"आणि आतली तारच जळली असेल तर? तुमची आंघोळ काय करणार?"

"ते तपासल्यावर कळेल ना! तुम्ही तर नाडी बघायच्या आधीच मयताचं सामान आणता."

चष्मेवाला बिचारा एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. शेवटी दारात खुर्ची टाकून बसलेले सासरेबुवा खाकरले.

"जावईबापू, भांडू नका. दोन नवे, दोन जुने. निम्मं-निम्मं करा."

त्या घरात सगळे तंटे असेच मिटत. भांडण नको, फारकत नको, निम्मं-निम्मं करा. चष्मेवाल्यालाही दोघांचं मन राखल्यासारखं वाटलं. ताटलीतही मनातल्या मनात एक रेघ पडली. पहिला आणि दुसरा नवेरावाकडे गेले, तिसरा आणि मी घासूरावाकडे. नवेरावाने माझ्या दोन भावांना उचललं आणि मागच्या भंगाराच्या पिंपात टाकलं. ठण. ठण. तपासलंसुद्धा नाही. मला अजून तो आवाज ऐकू येतो, आणि तो आमच्या टिकटिकीच्या क्रमातला नव्हता.

घासूराव मात्र हौशी गडी. त्याने आम्हाला थरथरत्या पाण्याच्या टबात सोडलं. त्या थरथरीने वर्षांचा चिकटा सुटून निघाला. मग नवी रबरी कडी घातली, आतली गाळणी बदलली आणि काचेच्या नळ्यांवर बसवून आमचे फवारे पाहिले. दोन्ही नळ्यांत पेट्रोल एका रेषेत चढलं.

"वा रे पठ्ठे!" तो ओरडला. "कारखान्यातून आल्यासारखे!"

मला इतका आनंद झाला की मी सवयीने पहिल्याच्या टिकटिकीची वाट पाहिली. ती आलीच नाही.

गाडीत माझ्या रांगेत दोन नवे आले. ते वाईट नव्हते हो. चकचकीत होते, अदबीने वागत होते. पण त्यांच्या टोकाला भोकं जास्त आणि फवारा रुंद. गाडीच्या डोक्यातून हुकूम यायचा तो चौघांना एकच. आम्ही दोघं ठरलेलं पेट्रोल द्यायचो, तेही ठरलेलंच द्यायचे. फक्त ठरलेलं वेगवेगळं होतं. इंजिनाचं अर्धं पोट फुगलेलं आणि अर्धं उपाशी, अशी गत झाली.

रविवारी बायको ताईसाठी विणलेला स्वेटर मांडीवर घेऊन शेडमध्येच गाडीत बसली. गाडी चालू झाली आणि अशी थडथडू लागली, की स्वेटर तिच्या मांडीवरून घसरून खाली पडला.

"होईल हळूहळू सवय," सासरेबुवा म्हणाले. "आमच्या जावयांचीही झाली."

बायकोने काच खाली केली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "एका डोळ्याला जुना नंबर आणि दुसऱ्याला नवा, असा चष्मा तुम्ही कुणाला विकला असता का?"

चष्मेवाल्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. आयुष्यभर त्याने हेच तर लोकांना समजावलं होतं.

"मग त्या दोघांनाही आंघोळ घालतो!" घासूराव म्हणाला आणि पिंपाकडे धावला. पिंप रिकामं होतं. भंगारवाला सकाळीच येऊन गेला होता. घासूराव रस्त्याच्या टोकापर्यंत पळत गेला आणि हात हलवत परत आला. नवेराव रेघ ओलांडून त्याच्याजवळ गेला.

"माझंच चुकलं, साडूभाऊ. तपासायला हवं होतं. चौघं चांगले निघाले असते तर चौघंही ठेवायचे होते."

"आणि एकाचीही तार जळलेली निघाली असती तर तुमचंच खरं होतं," घासूराव म्हणाला. "चारही नवे. दुसरा मार्ग नाही आता."

त्या शेडमध्ये दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते मला बाहेर काढण्यावर झालं.

तिसऱ्याला घासूरावाने उभं कापलं. रागाने नव्हे, गिऱ्हाइकांना आतली सुई दाखवायला. तो आता शेडच्या भिंतीवर आहे आणि येणाराजाणारा त्याच्या पोटात बोट घालून बघतो. मलाही कापणार होते. पण चष्मेवाला म्हणाला, "याला मी नेतो. जपून ठेवतो." जपून! मी काय बोलणार? त्याने मला मखमलीत झोपवलं आणि गॅरेजमधल्या फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. चष्मेवाला म्हणाला, "जरा गरम होऊ दे." बायको म्हणाली, "रस्त्यात होईल, चला." चौघं नवे टिकटिकू लागले, एकसारखे, स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. मीही नकळत माझ्या पाळीला सुई उचलायला गेलो. वीज नव्हती.

गाडी फाटकाबाहेर गेली. चढ आला. आवाज जरा जड झाला, मग मोकळा झाला आणि पुढे गेला. इतकी वर्षं तो आवाज याच भिंतींवर आपटून आमच्याकडे परत यायचा. त्या दिवशी तो लहान होत होत गेला आणि परत आला नाही. ताईच्या दारात तो कसा वाजला असेल, कोण जाणे. मला फार बरं वाटलं. आणि फार एकटंही वाटलं.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी आवडती वस्तू असेल तर ती वापरा. झिजेल, मळेल, ओरखडे पडतील, पडू द्या. बिघडली तर फेकायच्या आधी एकदा तपासा. आणि जे मिळून काम करतात त्यांना कुणाचं मन राखण्यासाठी निम्मं-निम्मं वाटू नका.

आणखी एक विनंती आहे. कुठेतरी माझ्याच जातीच्या इंजेक्टरांची एखादी जुनी गाडी चौथ्याची तार जळली म्हणून अडून उभी असेल आणि तिघं वाट बघत असतील, तर कळवा. मी स्वच्छ आहे, फवारा सरळ आहे. हवं तर आधी त्यांच्या शेजारच्या नळीत घालून मोजून बघा. जागा कुठलीही द्या, मी पाळी चुकवणार नाही.