देल्फीनची वायर

आमच्या गच्चीवरचा अँटेना माझ्या नवऱ्याने, रेइनेरिओने, जुना पत्रा ठोकून बनवला होता. असे अँटेने आणि गल्लीवरून टाकलेल्या वायरी, यांनी अर्धं हवाना एकमेकांना जोडलेलं होतं. खरं इंटरनेट आम्हाला परवडत नव्हतं, म्हणून लोकांनी हे घरचं नेटवर्क उभं केलं. त्यावर खेळ, गप्पा, टीव्हीच्या मालिका. सरकारला दिसत सगळं होतं, पण ते काणाडोळा करत होतं. तो काणाडोळा टिकावा म्हणून आमचे नियम सरकारपेक्षा कडक. राजकारणाचा शब्द लिहिला की वायर काढायची, तीही कायमची. आमच्या गल्लीत ते काम रेइनेरिओकडे होतं.

माझा भाऊ देल्फीन समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. मधुमेहाने त्याचा पाय गेला. लिफ्ट तर त्याआधीच गेलेली. मग त्याचं सगळं जग त्या वायरीत आलं. संध्याकाळी तो पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारियानाओच्या लोकांशी डॉमिनो खेळायचा, आणि हरला की त्याच्या शिव्या मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायच्या. एकदा गप्पांमध्ये त्याने लिहिलं, "कोंबडीच्या रांगेत उभं राहायला दोन पाय लागतात. सरकारने तेही रेशनवर द्यावेत." लोक पोट धरून हसले. रेइनेरिओ मात्र पक्कड घेऊन गच्चीवर निघाला.

"अरे, माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच. बायकोच्या भावाला सोडलं तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

"गंमत केली रे त्याने."

"गंमतच आधी पोचते त्यांच्या कानावर."

देल्फीन खिडकीतून सगळं बघत होता. त्या दिवसापासून त्याच्या शिव्या बंद झाल्या. मला त्या घरात जायची भीती वाटायला लागली, इतकी तिथे शांतता.

मग नवा कायदा आला. रस्त्यावरून वायर न्यायची नाही, जास्त ताकदीचा अँटेना लावायचा नाही. आमच्या गच्चीवर सभा भरली. गल्लीच्या टोकाला राहणारी यामिला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कायदा करा ना, कोण नको म्हणतंय? पण वायरी ओढल्या आम्ही, आणि आम्हाला कुणी विचारलं? चला, सगळे जाऊन त्यांच्या दारात उभे राहू."

"आणि मग घरी कोण परत येणार? तू?" रेइनेरिओ म्हणाला. "इतकी वर्षं आपण एक वावगा शब्द येऊ दिला नाही. हे काय ते विसरतील? सामान सरकारी संगणक क्लबला देऊन टाकू. ते आपल्याला सामावून घेतील."

"देल्फीनलाही?" मी विचारलं.

"अगं, सरकारीच झालं की भीती कुणाची? पहिली जोडणी त्याची. शब्द देतो."

त्या शब्दावर मीसुद्धा हात वर केला.

क्लबची माणसं आली, कॉफी प्यायली आणि अँटेना उतरवून घेऊन गेली. त्यांच्या बाई फार गोड बोलायच्या. "कॉम्रेड रेइनेरिओ, तुमच्यासारखी शिस्त आम्ही कुठे पाहिली नाही." सरकारी नेटवर्क सुरू झालं तेव्हा आमचे निम्मे खेळ त्यात नव्हते. रेइनेरिओला मात्र तिथे देखरेखीची नोकरी मिळाली, गळ्यात ओळखपत्र आलं. पहिल्याच दिवशी तो घरी आला आणि भात-घेवडा चिवडत बसला.

"देल्फीनचं काय झालं?"

"विचारलं मी त्या बाईंना. तुम्ही राजकारणासाठी ज्यांना काढलंत त्यांना आम्ही बाहेरच ठेवलंय, म्हणाल्या. तुम्ही उगाच कुणाला काढणार नाही, अशी त्यांची खात्री आहे."

"मग सांगायचं ना, गंमत होती म्हणून!"

"सांगितलं. कसली गंमत, म्हणाल्या."

"मग?"

"तिथे बसून कशी सांगू, इदालमिस?"

मी त्याच्यासमोरचं ताट उचलून घेतलं. आमचं सगळं मोडून टाकलं त्यांनी, आणि ठेवून काय घेतलं तर माझ्या भावावरची बंदी. राग इतका आला की रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी मी चार मजले चढून गेले. देल्फीनने दाढी केली होती. टेबल ओढून खिडकीशी लावलं होतं.

"रेइनेरिओ कधी येतोय जोडायला?"

खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. "क्लबची यंत्रं बिघडलीत," मी म्हटलं.

"सरकारी ना? मग बिघडणारच!" तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला, आणि तेही पूर्वीसारखं, गल्लीला ऐकू जाईल असं.

मी उठून खिडकी लावून घेतली.