उणे एकशेदहावरचे पन्नास सेकंद

शेवटच्या फेरीची नऊ मिनिटं उरली असताना पेई-रूच्या थर्मामीटरने मान टाकली. आत्ता आत्ता तिथे उणे एकशेनऊ दिसत होतं, आणि बघता बघता नुसत्या आडव्या रेघा उमटल्या. तिने वायर हलवून बघितली. उपयोग झाला नाही. गारठ्याने कडक झालेली ती केसाएवढी तार तांब्याच्या भांड्याच्या आतच कुठेतरी तुटली होती. दुसरी पिशवीत होती, पण ती बसवायची तर भांड्याभोवतीचा बर्फ वितळवायला हवा, आणि त्याला अर्धा तास तरी लागला असता.

नानगांगच्या त्या प्रदर्शनाच्या दालनात सहा टेबलं होती आणि प्रत्येकावर एक उघडाबोडका काँप्युटर. कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाच्या जवळजवळ दीडपट प्रोसेसर पळवायचा आणि पन्नास सेकंदांचं एक अवघड गणित त्याच्याकडून सोडवून घ्यायचं, अशी ही स्पर्धा. इतक्या वेगाने तो असा तापतो की पंखा काय आणि पाणी काय, कुणाला दाद देत नाही. म्हणून त्याच्या डोक्यावर तांब्याचं भांडं बसवून त्यात थर्मासमधून द्रवरूप नायट्रोजन ओतत राहायचा. पेई-रूचा प्रोसेसर मोठा लहरी होता. उणे शंभरच्या वर गेला की गणित चुकायचा, उणे एकशेपंधराच्या खाली गेला की मुकाट बंद पडायचा. मधल्या पंधरा अंशांतच काय तो त्याचा जीव. त्याच्या आतला मापकही एवढ्या थंडीत वाटेल ते आकडे सांगायचा, त्यामुळे भिस्त होती ती फक्त या तारेवर.

तिने मागे वळून बघितलं. दोरीपलीकडे पहिल्याच रांगेत तिचे वडील, लाय चिन-श्वेइ, मांडीवर चहात उकडलेल्या अंड्यांची पिशवी घेऊन बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी कीलुंगच्या बर्फाच्या कारखान्यांतली यंत्रं आणि सानचोंगमधल्या घराघरांतले फ्रिज दुरुस्त केले होते. गेल्या वर्षापर्यंत नायट्रोजन तेच ओतायचे. थर्मामीटरकडे ढुंकूनही न बघता, डोळे मिटून, नुसत्या आवाजावर. लोक ते बघायलाच टेबलाभोवती जमायचे. गेल्या वर्षी अंतिम फेरीत मात्र त्यांनी इतकं ओतलं की प्रोसेसर गोठून बंद पडला, आणि घाईघाईने गरम करताना पाणी सुटून सगळा बोर्ड जळाला. हात चुकला, एवढंच ते म्हणाले होते. यंदा पेई-रूने एकटीचंच नाव दिलं होतं. वर्षभर दोघं एका घरात जेवत होती, पण हा विषय ताटाच्या आसपास फिरकत नव्हता.

नियमात एक मदतनीस चालत होता. तिने हाक मारली. ते जागचे हलले नाहीत. तिने पुन्हा मारली. शेवटी शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं, तेव्हा ते उठून दोरीखालून आत आले आणि उजवी बाजू तिच्याकडे करून अगदी जवळ उभे राहिले.

"बाबा, तार तुटली. तुम्ही ओता, मी कीबोर्ड बघते. कानावर विसंबून करायचंय."

तिने पुढे केलेला थर्मास त्यांनी घेतला नाही.

"मला ऐकू येत नाही, पोरी."

"इथला गोंगाट आहेच, पण..."

"गोंगाटाचं नाही म्हणत मी. दोन वर्षं झाली. डावा कान पार गेला. उजव्याला बारीक आवाज लागत नाही. गेल्या साली मी नुसता अंदाजाने ओतत होतो."

पेई-रूने पुढे केलेला थर्मास मागे घेतला. "मग डोळे का मिटले होते?"

"लोक तेच बघायला आले होते," ते खाली मान घालून म्हणाले. "आणि तुला सांगितलं असतं तर तू मला आणलंच नसतंस."

ते खरंच होतं. तिला भांडायचं होतं, पण घड्याळात सात मिनिटं होती आणि भांडं तापत चाललं होतं. तिने विचारलं, "आवाज कसा असतो ते सांगा. लवकर."

चिन-श्वेइंनी एकदम मान वर केली. त्यांनी सांगितलं की नायट्रोजनचा घोट टाकला की आधी तडतडेल, मग सूं करेल. सूं थांबेपर्यंत मनात मोजायचं. चारलाच थांबलं तर भांडं तापलंय, लगेच दुसरा घोट. सहा-सातला थांबलं तर ठीक. दहापर्यंत रेंगाळलं तर हात आवरायचा.

"आणि मला कुठली कळ दाबायची ते दाखव," ते म्हणाले.

तिने दाखवली. तीन घोट टाकून ती मोजत राहिली आणि तिने मान डोलावली. त्यांनी कळ दाबली. आठव्या सेकंदाला पडद्यावरचं गणित अडकलं. चूक तिचीच होती. गणित सुरू झालं की प्रोसेसर एकदम भडकतो, त्याआधी एक घोट जास्त हवा होता. काँप्युटर पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं गेली. तेवढ्यात पेई-रूने थोडं थोडं ओतून भांडं गार राखलं.

दुसऱ्यांदा कळ दाबली तेव्हा साडेतीन मिनिटं उरली होती. आता दुसरी संधी नव्हती. घोट, तडतड, सूं, सहा. घोट, सूं, पाच. तिने ओघ किंचित वाढवला. सात. तिच्या हातमोज्यावर पांढरा थर चढला होता आणि बोटं जणू तिची राहिली नव्हती. वीस सेकंद झाले. पंचवीस.

तेवढ्यात शेजारच्या टेबलापाशी आरडाओरडा झाला. जकार्ताच्या विरावानने आपला आकडा नोंदवला होता आणि त्याचे लोक टाळ्या पिटत होते. पेई-रूला भांड्याचा आवाज येईनासा झाला. घोट टाकून ती मोजायला लागली, पण काय मोजायचं? सूं चालू होतं की संपलं होतं, कळायला मार्ग नव्हता. तिने घाबरून वडिलांकडे बघितलं.

चिन-श्वेइंना टाळ्यांचा त्रास नव्हता. ते टेबलावर ओणवे होऊन भांड्याच्या तोंडाशी येणाऱ्या वाफेकडे टक लावून होते. वाफ दाट होती तोवर ते स्तब्ध राहिले. ती विरळ झाल्याबरोबर त्यांनी तिच्या मनगटावर दोन बोटं टेकली. तिने ओतलं. पुन्हा वाफ उसळली. पुन्हा ते थांबले. एकदा तिचा हात आपसूक पुढे झाला, तेव्हा त्यांनी तो घट्ट धरून ठेवला. एक, दोन, तीन सेकंद. प्रोसेसर आता गेला असं तिला वाटलं. मग बोटं टेकली.

पडद्यावर निकाल उमटला तेव्हा तिला तो वाचताच आला नाही. निरीक्षक बाईंनी वाकून आकडा टिपून घेतला आणि मान डोलावली.

विरावान थोडक्यात पुढे राहिला. पेई-रू दुसरी आली. विरावान येऊन चिन-श्वेइंपुढे वाकला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. त्यांनी हसून मान हलवली. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नसणार हे पेई-रूने ओळखलं, आणि आजवर घरात ते असं किती वेळा हसले असतील, हा विचार तिला टोचून गेला.

गर्दी पांगल्यावर ती केस वाळवायच्या यंत्राने भांड्यावरचा बर्फ वितळवत होती. वडील कापडाने पाणी टिपून घेत होते. ती त्यांच्या उजव्या बाजूला गेली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

"कानात यंत्र घालून हिंडायला मी काय म्हातारा आहे?"

"मी येतेय बरोबर. वाद नको."

ते कापड पिळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली आणि बोर्डाच्या कडेला राहिलेला थेंब तिने त्यांना बोटाने दाखवला.