अख्तरीचा आवाज

पुनमच्या मेलला मोहियोद्दीन गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं. मेल लहानसाच होता, पण आपण काही भलतंसलतं लिहून बसू या धास्तीने ते आज-उद्या करत राहिले. त्यातच त्यांची बायको अख्तरी वारली.

साखरा गावच्या शाळेत नाहिद नावाची आंधळी मुलगी आहे. तिथल्या संगणकावरची मोफत, खुली, म्हणजे कुणालाही आतून पाहता-बदलता येणारी प्रणाली तिला धडे वाचून दाखवते, ते अख्तरीच्या आवाजात. गुरुजींनी बायकोकडून वाक्यं वाचून घेतली, एका विकतच्या सॉफ्टवेअरने त्यांवरून कुठलाही मजकूर वाचणारा आवाज बनवला आणि सगळ्यांना देऊन टाकला. फुकट दिला म्हणजे खुला झाला, अशी त्यांची समजूत.

ती प्रणाली हौसेने सांभाळणाऱ्यांपैकी पुनम एक. तिने लिहिलं होतं, "सर, आमच्या प्रणालीतली प्रत्येक गोष्ट कुणालाही खुल्या साधनांनी मुळापासून पुन्हा बनवता यावी, असा नियम आहे. तुमची मूळ ध्वनिमुद्रणं त्या विकतच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत. साध्या फाइलींत काढून पाठवाल का? नाहीतर पुढच्या आवृत्तीतून आवाज वगळावा लागेल."

नवी आवृत्ती तोंडावर आली, तेव्हा कुठे गुरुजी जवळच्या गोरेगावात, जुना विद्यार्थी संतरामच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. ते सॉफ्टवेअर त्याच्याच संगणकावर होतं. संतरामने फाइल उघडायला घेतली. परवाना संपला होता, आणि कंपनीने ते विकणंच बंद केलं होतं.

"काहून इतकं थांबले गुरुजी? आमाला तर उशिरा आलो की बाकावर उभं करायचे."

गुरुजींना हसू आलं नाही. मेल आला तेव्हा अख्तरी ओसरीवर भाजी निवडत होती. सांगितलं असतं तर कुरकुरत का होईना, सगळं पुन्हा वाचून दिलं असतं तिनं.

"लिवून टाका, बनलेली फाइल हीच मूळ. तपासायला इथं कोण येऊन राहिलं?"

"ती पुनम माझ्या शब्दावर विसंबून नियम पाळल्याची सही करेल, संतराम."

"अन् नाहिद? संगणकात दुसरा आवाज हाये, पण पत्र्यावर खडे पडल्यावानी. लेकराला त्यातलं काय कळंल?"

गुरुजींनी कीबोर्ड पुढे ओढला. मग एकेका बोटाने लिहू लागले.

"पुनमताई, मूळ मुद्रणं आता उघडत नाहीत. वाचणारी माझी पत्नी होती, ती हयात नाही. आवाज वगळा. शाळेत मी स्वतः जाऊन सांगेन."

पाठवायचाच का, अशा नजरेने संतरामने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींनी होकारार्थी मान हलवली आणि मेल पाठवला.