पुढं चाललेली घरघर

कॅनचं झाकण उघडलं तेव्हा आतलं दूध हलत नव्हतं. काठापासून चार बोटं खाली ते सपाट पडलं होतं, आणि वरच्या झाडाची एकेक डहाळी त्यात वेगळी मोजता येत होती. जुन्या डिझेलच्या टेम्पोत हे कधी दिसलं नसतं. त्याचं इंजिन थांब्यावरही चालूच असायचं आणि दुधावर सारख्या बारीक लहरी उठत राहायच्या.

तेवीस दिवस झाले, ती विजेच्या गाडीतून दूध गोळा करत होती. दूध हलत नाही हे तिला नवं नव्हतं. तरी आज ती कॅनमध्येच बघत राहिली, कारण शेजारच्या सीटवर डेअरीच्या मॅडम बसल्या होत्या आणि पुढच्या चढावरून घरघर ऐकू येत होती.

"पुढं कुणाची गाडी आहे?" मॅडमनी विचारलं.

"असेल कुणाची तरी. चाऱ्याची."

झाकण तिनं जरा जोरातच बसवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. बोललं की कानाच्या पाळ्या गरम होत.

ती गाडी तिच्या सासऱ्यांची होती. मामंजींनी या चार वस्त्यांवर एकतीस वर्षं दूध गोळा केलं. त्यांचा टेम्पो वेळेवर कधीच येत नसे. कधी रेडिएटर तापायचा, कधी पट्टा तुटायचा. म्हणून घड्याळ कुणी बघतच नसे; सगळे कान देऊन असत. घरघर खालच्या वळणावर आली की धार आटपायची, चढाला लागली की दूध गाळायचं, गिअर बदलल्याचा खाट्‌ असा आवाज आला की घागर उचलून रस्त्यावर यायचं.

मग डेअरीनं डिझेल बंद करायचं ठरवलं. मामंजी घरी बसले आणि तीन आठवड्यांचं शिक्षण घेऊन सून नवी गाडी चालवू लागली. महिनाभर चालवून बघायचं, जम बसायचा पहिला आठवडा सोडून रोजचं दूध सहाशे लिटरच्या खाली गेलं नाही तर गाडी तिची. शिवाय गावात चार्जिंगची शेड होणार आणि पलीकडच्या डोंगरावरच्या आठ बायकांना तिनं गाडी शिकवायची.

पहिल्या आठवड्यात दूध तीनशे ऐंशीवर आलं. गाडी आली कधी, गेली कधी, कुणाला पत्ताच नाही. तिनं हॉर्न वाजवून पाहिला. पण हॉर्नचा बारीक आवाज पहिल्याच टेकाडाला आपटून विरायचा. इंजिनाची जाड घरघर टेकाडांना वळसा घालून पाव तास आधी गोठ्यात पोचायची. लोक घागरी घेऊन धावत आणि रिकाम्या रस्त्याला शिव्या देत.

आठव्या दिवशी मामंजींनी कुणाला न विचारता टेम्पो काढला आणि तिच्या पुढं पाव तास हाकला. त्या दिवशी दूध भरलं सहाशे पंधरा.

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. विजेच्या गाडीची वर्दी द्यायला रोज डिझेल जळत होतं. रोज संध्याकाळी ती बोलायचं ठरवायची, आणि रोज मामंजी अंगणात येऊन म्हणायचे, "सूनबाई, टाकी भरून आलो बरं का. उद्याची काळजी नको." घरी बसल्यापासून त्यांना इतकं खुशीत तिनं पाहिलं नव्हतं. मग ती नुसतं "बरं" म्हणून आत जायची.

तिसऱ्या वस्तीवर वळताना तिनं ब्रेक दाबला. टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता, बॉनेट उघडं, आणि मामंजी रेडिएटरच्या फाटलेल्या पाइपला चिंधी गुंडाळत होते. भोवती घागरी घेऊन दहा-बारा माणसं.

"आली गं बाई आली!" वस्तीवरच्या काकू ओरडल्या. त्यांच्या तोंडाला लगाम नव्हता. "आज म्हातारा अडकलाय. तू पुढं जाऊ नकोस, वरच्या वस्तीला कसं कळायचं? सगळे बसतील शेण काढत!"

मॅडम खाली उतरल्या. "म्हणजे? हे रोज पुढं जातात?"

मामंजींनी हात पुसले. "मी आपला हवा खायला निघतो, मॅडम."

"टेम्पोतून?"

"गुडघे दुखतात."

लोक हसले. मॅडमनाही हसू आलं, पण लगेच आवरलं. त्यांनी वही उघडली, मिटली. "हे पाहा, मी काही ऐकलं नाही असं धरते. आकडे चांगले आहेत. माझ्या वरचे लोकही आकडेच बघतात. सोमवारी त्या आठजणी येतील. तू जे केलंस ते त्यांनाही शिकव म्हणजे झालं."

"सात दिवस राहिलेत, सूनबाई," मामंजी हळूच म्हणाले. "सात दिवस कळ काढ. मग हवं ते बोल."

तिनं गाडीच्या दाराला हात लावला, काढला. पुन्हा लावला. आठजणी. पलीकडच्या डोंगरावर कुणाचे मामंजी टेम्पो घेऊन पुढं जाणार होते? पहिल्याच आठवड्यात त्या रिकाम्या कॅनसकट उभ्या राहतील, आणि लोक म्हणतील, बायकांना जमत नाही, विजेला जमत नाही.

"काकू, तुमच्या वस्तीवर मी किती वाजता येते?"

"मला काय ठाऊक! म्हातारा खोकला की पाठोपाठ येतेस."

"सहा वाजून दहा मिनिटांनी. रोज. तेवीस दिवस लिहून ठेवलंय. दोन मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. ही गाडी तापत नाही, हिचा पट्टा तुटत नाही."

"माझ्या म्हशीला घड्याळ कळत नाही बाई."

"म्हशीला नाही कळलं तरी चालेल. तुम्हाला कळतं."

"आणि एखाद्या दिवशी हुकलं तर?" मागून कुणीतरी विचारलं. "दूध काय माझ्या डोक्यावर ओतू?"

"हुकेल. पहिले काही दिवस पुष्कळांचं हुकेल."

"मग दूध पडेल खाली," मॅडम म्हणाल्या. "सहाशेच्या खाली. गाडी जाईल तुझी. कळतंय ना?"

तिला कळत होतं. मामंजी चिंधीचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. तिच्याकडे बघत नव्हते. एकतीस वर्षं ज्या आवाजानं चार वस्त्या उठल्या, तो बंद करायला सांगणारी कुणी परकी असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मॅडम, टेम्पो पुढं असलेले मागचे सोळा दिवस खोडा," ती म्हणाली. "महिना उद्यापासून मोजा."

मग ती सासऱ्यांकडे वळली.

"मामंजी, उद्यापासून तुम्ही पुढं जायचं नाही. मी एकटी येईन."