कापडावरचा तळहात

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं. देवाच्या दारात मागचा-पुढचा नसतो, तसा गोष्टीतही नसतो. एका सासूची आणि तिच्या सुनेची गोष्ट सांगतो. घाबरू नका, हिच्यात भांडण आहे, पण भांडी आपटलेली नाहीत.

सासूबाईंचं शिवणघर होतं. सहा मशिनी, मधोमध कापायचं लांब टेबल, आणि त्या टेबलाचा एकच कायदा, तीस वर्षांपूर्वी त्यांनीच घातलेला: कापडावर कुणीही तळहात सपाट ठेवला की कात्री थांबली पाहिजे. आधी थांबायचं, मग विचारायचं. शिवलेलं उसवता येतं. कापलेलं सांधलं तरी सांधा दिसतोच.

गुडघे कुरकुरायला लागले तशा सासूबाई म्हणाल्या, "आता कारभार सुनेचा." म्हणाल्या खऱ्या, पण कात्री मात्र त्यांच्याच उशाशी राहिली.

सुनेने मिळवलेलं पहिलं काम म्हणजे हाडांच्या रुग्णालयासाठी शंभर झगे. तिथल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, "आधी एक नमुना दाखवा. हात प्लास्टरमध्ये असला की बंद बांधायला दर वेळी आम्हाला बोलवावं लागतं. बायका लाजून तशाच पडून राहतात. तुमचाही झगा तसलाच निघाला तर काम दुसरीकडे जाईल."

सोमवारी सून खाली येते तो काय, टेबलावर कापडाचे वीस थर अंथरलेले, जुन्याच मापाने खडूच्या रेघा मारलेल्या, आणि सासूबाई कात्री उघडून उभ्या.

"आई, जरा थांबता का?"

"थांबून शंभर व्हायचे नाहीत. झगा काय आज पहिल्यांदा कापतेय मी?"

मशिनींवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांतली एक सतत बोलायची म्हणून तिला सगळ्या रेडिओ म्हणत. ती पुटपुटली, "वहिनी, आज हवामान ढगाळ आहे हं."

आता गप्प बसलं तर वीस झगे वाया जाणार, आणि पुढे तिचा शब्द कुणी विचारणार नाही. पातं कापडाला टेकलं, तशी तिने तळहात सपाट ठेवला.

सासूबाईंच्या कात्रीपुढे आजवर कुणी हात ठेवला नव्हता. मशिनी एकेक करून थांबल्या. सासूबाईंच्या नाकपुड्या फुलल्या. पण कायदा त्यांचाच होता. कात्री थांबली.

"बोल."

सुनेने भिंतीवर खडूने लिहिलं: एका हाताने, कुणाला हाक न मारता. "शंभर हा नुसता आकडा झाला, आई. काम हे आहे." मग जुन्या मापाचा एक झगा पुढे केला. "डावा हात पोटाशी धरून हा घालून बघा."

बाही काही केल्या चढेना. बंद पाठीवर. सासूबाई उजव्या हाताने चाचपत एकदा गोल फिरल्या, मग पुन्हा फिरल्या.

"प्रदक्षिणा चाललीय का, काकू?" रेडिओ म्हणाली.

"तुझं तोंड बांधायला मला एक हात पुरे आहे," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग स्टुलावर टेकून थोडा वेळ भिंतीवरचं वाचत राहिल्या. "हिचा नवरा कडेवर असायचा तेव्हा मीही एका हाताने कपडे घालायचे. गाठ मारायची नाही. बटण पुढे, आणि मोठं. बाही खांद्यापासून उघडी."

त्यांनी कात्री उलटी धरली आणि मूठ सुनेपुढे केली.

सुनेने नव्या रेघा मारल्या, एकाच थरावर कात्री टेकवली, आणि सासूबाईंचा तळहात सपाट पडला. सून थांबली.

"डावीच बाही उघडी ठेवलीस. उजवा हात मोडलेला असला तर?"

"दोन्ही ठेवू," सून म्हणाली.

एवढ्यात रेडिओने विचारलं, "काकू, बटणं पांढरी लावू की निळी?"

"मला काय विचारतेस? ती उभी आहे ना समोर."

शनिवारी नर्सबाईंनी नमुन्याचा झगा प्लास्टरमधल्या एका आजीबाईंना दिला आणि पडदा ओढून बाहेर उभ्या राहिल्या. सासू-सून शेजारी. बराच वेळ गेला. आतून हाक आली नाही. पडदा सरला तेव्हा आजीबाईंचं शेवटचं बटणसुद्धा लागलेलं होतं.

तर मंडळी, सुनेचं कौतुक तुम्ही करालच. माझं मागणं वेगळं आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्याच कायद्यापुढे उघडी कात्री थांबवणाऱ्या त्या सासूबाईंची आठवण ठेवा, आणि जमलं तर त्यांच्या गुडघ्यांसाठीही एक शब्द टाका.