पाकळीच्या कडेचा निळा रंग

त्या सकाळी आमच्या गावच्या खळ्यावर दीडशे माणसं उभी होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. टेबलावर दोन पांढरे पेले होते. एकात आमच्या शेतातली भाताची काडी, दुसऱ्यात शेजारच्या श्यांगकाकूच्या शेतातली. शेतातलं विष उतरवायला आलेल्या यान शिफूनं, म्हणजे यान गुरुजीनं, दोन्ही काड्यांची मुळं स्वतःच्या हातानं कापली होती, जाड मेणबत्तीपाशी नेऊन काड्या ‘शुद्ध’ केल्या होत्या आणि आपल्या काळपट मंतरलेल्या पाण्यात उभ्या केल्या होत्या.

तीन उदबत्त्या जळून संपल्या. आमच्या काडीच्या पानांवर शाईसारख्या निळ्या-काळ्या रेघा वर सरकू लागल्या. श्यांगकाकूची काडी मात्र हिरवीगार राहिली. तिच्या पेल्यातलं पाणी काठोकाठ तसंच होतं. हे मी पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

“विषाला पाय नसतात,” यान शिफू म्हणाला. “मी त्याला शिडी लावून देतो. बघा, चढतंय.”

गर्दीतून एक लांब सुस्कारा उमटला. श्यांगकाकूनं महिन्यापूर्वी त्याची राखाडी पूड शेतात टाकली होती आणि त्याच्याच सांगण्यावरून बांध फोडून शेत कोरडं केलं होतं. तिच्या शेतातलं विष पाण्याबरोबर वाहून गेलं, असं त्यानं जाहीर केलं.  माझे वडील आमच्या काडीकडे बघत होते, जसे ते इस्पितळात आईच्या छातीच्या एक्स-रेकडे बघत बसायचे.

आमच्या गावाच्या डोक्यावर जस्ताची जुनी खाण आहे. ती बंद होऊन वीस वर्षं झाली, पण तिच्यातून झिरपणारा ओढा बंद झालेला नाही, आणि तो आमच्याच शेतांतून जातो. आईनं चाळीस वर्षं त्या पाण्यावरचा भात खाल्ला. शेवटच्या तीन वर्षांत तिची हाडं बिस्किटासारखी झाली. एकदा मिरच्यांच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना तिची बरगडी मोडली. डॉक्टरांनी कागदावर एक नाव लिहून दिलं : कॅडमियम, जस्ताबरोबर खाणीत सापडणारा विषारी धातू. मे महिन्यात ती गेली. तिच्या शंभराव्या दिवसाच्या विधीसाठी मी शहरातल्या ग्रंथालयातून आठवडाभर रजा घेऊन घरी आले होते, आणि तो आठवडा नेमका भाताच्या लोंब्या बाहेर पडण्याचा होता.

तालुक्याच्या कृषी खात्याची माणसं वसंतातच येऊन गेली होती. शेतात चुना टाका, लोंब्या भरेपर्यंत शेतातलं पाणी अजिबात बाहेर काढू नका, पुढच्या वर्षी नवं वाण घ्या, असं सांगून गेली होती. चुन्याच्या गोण्या आमच्या अंगणात पडून होत्या. त्यांच्यावर कोंबड्या बसत. शेतात पाणी ठेवायचं हे तर कुणाच्या गळीच उतरेना. आमच्याकडे या दिवसांत शेत सुकवून उन्हात तापवतात. ज्याच्या शेतात तेव्हा पाणी दिसेल त्याला आळशी म्हणतात, त्याच्या मुलाला सोयरीक मिळत नाही. यान शिफूनं नवं काहीच सांगितलं नव्हतं. गावाला जे करायचंच होतं त्यालाच त्यानं मंत्र जोडला होता.

वडिलांनी ठरवलं होतं : दुसऱ्या दिवशी शिफूकडून पूड घ्यायची आणि दुपारी आमचा बांध फोडायचा.

मी कृषी खात्याचं पत्रक दाखवून एकदाच विरोध केला. ते शांतपणे म्हणाले, “तुझा कागद तुझ्यापाशी ठेव, पोरी. डॉक्टरांनीही कागदच दिला होता.”

 संध्याकाळी श्यांगकाकू आली, आईच्या फोटोसमोर वाकली, आणि भक्तिभावानं आपल्या बाटलीतलं शिफूचं पाणी फुलदाणीत ओतून गेली. फुलदाणीत पांढरी शेवंती होती, मी शहराच्या बसस्थानकाजवळून आणलेली.

सकाळी काकूच्या रडण्यानं मला जाग आली. शेवंतीच्या प्रत्येक पाकळीची कड निळी पडली होती.

“वहिनी अजून सुटलेली नाही रे बाबा,” काकू वडिलांना सांगत होती. “तिचं विष निघतंय बघ. आज बांध फोडलाच पाहिजे. तिच्यासाठी तरी.”

 मी खोटं सांगणार नाही : पहिला क्षण मीही घाबरले. ती निळी कड आईच्या शेवटच्या दिवसांतल्या ओठांसारखी होती. मग मी एक फूल हातात घेतलं. हे फूल आमच्या मातीतलं नव्हतं. आमच्या ओढ्याचा थेंब त्याला लागला नव्हता. मग त्याच्यात कुणाचं विष निघत होतं? फूल फक्त तहानलेलं होतं, आणि समोर जे ठेवलं ते प्यायलं होतं.

आणि मग श्यांगकाकूचा काठोकाठ भरलेला पेला आठवला. तिची काडी का प्यायली नाही?

खळ्यावर पुन्हा गर्दी होती. पुन्हा दोन पेले, पुन्हा एक काळवंडलेली काडी, एक हिरवी. शिफू सांगत होता, माती म्हणजे म्हातारी बाई आहे, तिची नाडी फक्त त्याला सापडते. कालच्या भाषणात ती तरुण बाई होती.

मी पुढे गेले आणि हिरवी काडी उचलली.

“हात लावू नका, ताई,” तो गोड आवाजात म्हणाला. “सुतकातल्या हातानं ती बाटेल.”

“सुतक काल शंभराव्या दिवशीच फिटलं,” मी म्हणाले. “पण हवं तर बाबांनी लावावा. बाबा, खालचं टोक बघा फक्त.”

वडील आले. आयुष्यभर भात लावलेली बोटं त्यांनी काडीच्या टोकावरून फिरवली. ती थांबली. त्यांनी नखानं खरवडलं. पांढरं मेण निघालं.

“हिचं तोंड बंद केलंय,” ते हळूच म्हणाले.

त्यांनी कोयत्यानं बोटभर काडी कापली, पुन्हा त्याच पेल्यात ठेवली आणि शेजारी उकिडवे बसले. तीन उदबत्त्यांचा वेळ कुणी हललं नाही. मग पवित्र, निर्विष, हिरव्या काडीच्या पानावर निळी रेघ चढू लागली. मी माझी शेवंती तिच्याशेजारी ठेवली.

“हे फूल शहरातलं आहे,” मी सांगितलं. “याला याच पाण्यातली शाई पाजली, म्हणून निळं झालं. बस.”

“पुस्तकातलं बोलतेय ती,” शिफू म्हणाला. पण तो पेल्यांऐवजी रस्त्याकडे बघत होता. दुपारी त्याची गाडी निघून गेली. पलीकडच्या गावात त्यानं पुढच्याच आठवड्यात खळं मांडलं, असं कळलं.

नंतर मला जे समजतं ते मी सगळ्यांना सांगितलं. झाडाच्या आत केसाहून बारीक नळ्या असतात. पानांतून पाणी उडतं, तसं खालचं पाणी वर ओढलं जातं, आणि त्यातून मातीतलं लोह, जस्त, मँगनीज वर येतं. मग दुसऱ्या वाटेनं, पानांतल्या साखरेसोबत, ते दाण्यात उतरतं. मुळांना या चांगल्या गोष्टींसाठी दारं असतात. त्याच दारांतून कॅडमियमही आत शिरतं, कारण दाराला दोघांतला फरक कळत नाही. त्याला रंग नसतो, वास नसतो. पाण्याखालची माती त्याला धरून ठेवते. शेत सुकून भेगा पडल्या, हवा आत गेली, की ते सुटतं, आणि ते सुटतं नेमकं दाणा भरण्याच्या दिवसांत. नव्या वाणात मुळांचं ते दार जवळपास बंद केलेलं आहे. चमत्कार म्हणायचा असेल तर तो आहे, पण त्याला मेणबत्ती लागत नाही.

 मग श्यांगकाकूनं विचारलं, “मी तर महिन्यापूर्वीच सुकवलं. आता?”

“आता पाणी भरा. आणि खाण्याआधी तपासून घ्या.”

 तिच्या घरी दोन नातवंडं आहेत.

आमचा बांध त्या दुपारी फुटला नाही. लोकांनी वडिलांना आळशी म्हटलं, त्यांनी ऐकून घेतलं.

नव्या भाताच्या दिवशी आमच्याकडे पहिला वाडगा कुत्र्याला देतात. माणसाला भाताचं बी त्यानंच आणून दिलं, असं जुने लोक सांगतात. कुत्र्याला काही झालं नाही म्हणून भात चांगला, असंही शिफू सांगायचा. पण कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो आणि या विषाला तीस वर्षं लागतात. ते आज पोट दुखवत नाही, म्हणूनच ते भयंकर आहे. माझं एवढंच मागणं आहे : कुणी डोळ्यांना दिसणारं विष दाखवलं, तर काडीचं खालचं टोक बघा. आणि जे डोळ्यांना दिसतच नाही, ते मोजून घ्या.

वडिलांनी त्या दिवशी भात शिजवला नाही. मूठभर तांदूळ पिशवीत भरून तालुक्याला तपासायला पाठवला. कुत्रा सवयीनं येऊन रिकाम्या वाडग्यापुढे बसला. वडिलांनी आईच्या फोटोकडे पाहिलं, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “कागद येऊ दे.”